सुर्बारानची धार्मिक चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सिस्को दे सुर्बारानची चित्रं कुणाला दाखवली की ठरावीक प्रश्न येतातच, आणि ते रास्तही असतात. इतके साधू-संन्यासी कशाला? अंधार एवढा का? पांढऱ्या कपड्यावर एवढी मेहनत कशासाठी? हे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं चार ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जिथे लांबली तिथे चित्रानेच मला धरून ठेवलं, असं समजा.

सुर्बारान कोण होता?

स्पेनच्या नैर्ऋत्येला एस्त्रेमादुरा नावाचा कोरडा, मेंढपाळांचा प्रदेश आहे. तिथल्या फुएन्ते दे कान्तोस या गावात 7 नोव्हेंबर 1598 रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील लुईस कापडाचे व्यापारी होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती वारंवार येणार आहे. 1614 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो सेवियाला म्हणजे आपण ज्याला सेव्हिल म्हणतो त्या शहरात पेद्रो दियास दे विय्यानुएवा या चित्रकाराकडे शिकायला गेला. शिकून झाल्यावर येरेना गावी परतला, तिथे संसार थाटला आणि तिथूनच सेवियाच्या मठांची कामं घेऊ लागला. 1629 मध्ये सेवियाच्या नगरपालिकेने त्याला शहरात कायमचं राहायला बोलावलं. पुढच्याच वर्षी आलोन्सो कानो या चित्रकाराने हरकत घेतली, की सुर्बारानने आधी चित्रकारांच्या संघाची परीक्षा द्यावी. सुर्बारानने नकार दिला आणि शहर त्याच्या बाजूने उभं राहिलं. 27 ऑगस्ट 1664 रोजी माद्रिदमध्ये त्याचं निधन झालं.

नाव ‘सुर्बारान’ की ‘झुर्बरान’?

स्पॅनिशमध्ये ‘झ’ चा उच्चार नाही. माद्रिदकडे हे नाव ‘थुर्बारान’च्या जवळपास ऐकू येतं, सेवियाकडे ‘सुर्बारान’. त्याचं बहुतेक आयुष्य सेवियात गेलं, म्हणून इथे ‘स’ ठेवला आहे. जोर शेवटच्या ‘रान’वर.

त्याने बहुतेक धार्मिकच चित्रं का काढली?

कारण काम देणारे मठ होते. त्या काळी सेविया हे अमेरिकेच्या व्यापाराचं बंदर होतं, शहरात पैसा होता आणि पुरुषांचे-स्त्रियांचे मिळून डझनांनी मठ होते. प्रत्येक धार्मिक संघाला आपल्या संस्थापकाची, आपल्या हुतात्म्यांची, आपल्या चमत्कारांची चित्रं भिंतींवर हवी होती. त्यामागे धर्मसभेचा निर्णयही होता. प्रॉटेस्टंट पंथांनी चर्चमधल्या प्रतिमांवर टीका केल्यावर कॅथलिक चर्चने 1563 साली ट्रेंटच्या परिषदेत ठरवलं, की प्रतिमा ठेवायच्या, पण त्या स्पष्ट, सभ्य आणि भक्तिभाव जागवणाऱ्या असाव्यात.

कामाचा आवाका पाहा. जानेवारी 1626 मध्ये सेवियातल्या सान पाब्लो या डॉमिनिकन संघाच्या मठाशी त्याचा करार झाला : 21 चित्रं, आठ महिने, 4000 रेआल (रेआल हे तेव्हाचं स्पॅनिश नाणं). पसंत न पडलेलं चित्र परत करायची मुभा मठाला होती. दोन वर्षांनी मर्सिडेरियन संघाने आपल्या संस्थापकाच्या, म्हणजे संत पेद्रो नोलास्कोच्या चरित्रावरची 22 चित्रं सांगितली, मुदत एक वर्ष. एकट्या माणसाचं हे काम नव्हे. हाताखाली मदतनीस होतेच, आणि म्हणूनच त्याच्या नावावरच्या चित्रांत उतार-चढाव फार आहेत.

धार्मिक नसलेलं मोठं काम म्हणाल तर 1634 चं. माद्रिदच्या बुएन रेतीरो राजवाड्यासाठी त्याने हर्क्युलिसच्या पराक्रमांची दहा चित्रं आणि कादिस बंदराच्या बचावाचं एक चित्र काढलं. मला ती त्याची वाटत नाहीत. हर्क्युलिस नुसता झटापट करत राहतो. सुर्बारानची माणसं मात्र स्तब्ध उभी असतात तेव्हाच जिवंत होतात.

मी ख्रिस्ती नाही. मला ही चित्रं कळतील का?

कळतील. गोष्टी माहीत असल्या तर जास्त कळतील हे खरं, आणि त्यातल्या काही पुढे सांगितल्या आहेत. पण दार दुसरीकडेच आहे, ते म्हणजे कापड. सुर्बारानच्या कुठल्याही चांगल्या चित्रासमोर उभं राहिलात तर आधी चेहरा बघू नका, कपडा बघा. लोकर जाड आहे की विरळ, चुणी कुठून सुरू होऊन कुठे मोडली, घडी घालून ठेवलेल्या कापडाची रेघ अजून दिसते का. कापडाच्या दुकानात वाढलेल्या मुलाला ठाण हातात घेतल्याबरोबर पोत कळतो, तसं त्याला कळत असणार. त्याच्या चित्रांतलं पावित्र्य आकाशातून उतरत नाही. ते हाताला लागणाऱ्या वस्तूत असतं. लोकरीत, पावात, पाण्याच्या पेल्यात. एवढं धरून चाललं की बाकीचं आपोआप उलगडतं.

कोणत्या चित्राने त्याचं नाव झालं?

1627 च्या ‘क्रुसावरचा ख्रिस्त’ने. आज ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. जवळजवळ तीन मीटर उंचीच्या या चित्रात मागे काळोख आहे आणि त्यातून पुढे आलेला एकच देह. गर्दी नाही, रडणाऱ्या बायका नाहीत, शिपाई नाहीत. कमरेला गुंडाळलेलं पांढरं वस्त्र एवढं कडक आणि उजळ आहे की नजर तिथून हलायला वेळ लागतो.

हे चित्र सान पाब्लो मठाच्या एका अंधाऱ्या प्रार्थनाकक्षात जाळीमागे टांगलेलं असे. पालोमिनो या लेखकाने 1724 मध्ये नोंदवलं आहे, की जाळीतून पाहणाऱ्या लोकांना ती कोरलेली मूर्तीच वाटे. यात नवल नाही. सेवियात तेव्हा हुआन मार्तीनेस मोन्तान्येससारखे शिल्पकार लाकडात ख्रिस्त कोरत आणि त्यांना त्वचेचा रंग देण्याचं काम चित्रकार करत. मूर्ती आणि चित्र यांच्यात फार अंतर नव्हतंच.

बारकाईने पाहिलंत तर पायांना दोन वेगळे खिळे दिसतील. एरवी एकावर एक पाय ठेवून तीनच खिळे दाखवायची पद्धत होती. पण सेवियाचे चित्रकार फ्रान्सिस्को पाचेको, नामवंत चित्रकार बेलास्केसचे गुरू आणि सासरे, चार खिळ्यांसाठी हट्टाने मांडणी करत, आणि धर्मचौकशी मंडळाच्या वतीने शहरातल्या चित्रांवर लक्ष ठेवण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. चार खिळ्यांमुळे देह पिळवटत नाही, सरळ राहतो. त्या सरळपणामुळेच हे चित्र इतकं शांत वाटतं.

संत सेरापियनच्या चित्राबद्दल लोक इतकं का बोलतात?

कारण छळाने झालेल्या मृत्यूचं हे चित्र आहे आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

सेरापियन हा मर्सिडेरियन संघाचा माणूस, मूळचा ब्रिटनकडचा. उत्तर आफ्रिकेत कैदेत पडलेल्या ख्रिस्ती लोकांना खंडणी देऊन सोडवणं हे या संघाचं काम. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांवर ते चौथं व्रत घेत : गरज पडली तर कैद्याच्या जागी स्वतः राहायचं. सेरापियनला 1240 मध्ये हालहाल करून मारलं गेलं. दुसऱ्या कुणी हे चित्र काढलं असतं तर त्यात जखमा आणि मारेकरी हमखास असते.

सुर्बारानने काय काढलं? मनगटं दोरांनी बांधून वर ताणलेली आहेत. डोकं एका खांद्यावर कलंडलंय, झोप लागलेल्या माणसासारखं. बाकी चित्रभर आहे तो पांढरा झगा. दोन्ही हातांवरून तो मोठमोठ्या चुण्यांनी खाली उतरतो, देहाचं सगळं ओझं जणू त्यानेच पेललेलं असावं. कुठे काय मोडलंय, कुठे काय फाडलंय ते त्या कापडाखाली झाकलेलं आहे आणि ते झाकलेलं राहतं म्हणूनच छातीत कालवतं. छातीवर संघाचा छोटा लाल-पिवळा बिल्ला आहे, अख्ख्या चित्रातला एकुलता उठून दिसणारा रंग. उजव्या बाजूला पार्श्वभूमीवर टाचणीने टोचल्यासारखा कागदाचा कपटा, त्यावर संताचं नाव, चित्रकाराची सही आणि 1628 हे साल. कागदाच्या घड्या अजून पुरत्या सपाट झालेल्या नाहीत.

आता हे चित्र कुठे लावायचं होतं ते ऐका. मर्सिडेरियन मठात एक खोली होती, तिथे वारलेल्या मठवासीयाचा देह दफनाआधी ठेवत आणि सगळे मिळून 130 वं स्तोत्र म्हणत, खोल गर्तेतून देवाचा धावा करणारं. त्या खोलीसाठी हे चित्र होतं. म्हणजे समोर पांढऱ्या झग्यातला आपला गेलेला सोबती आणि भिंतीवर त्याच पांढऱ्या झग्यातला सेरापियन. चित्र जेमतेम चार फूट उंच आहे. माणसाला माणूस समोरासमोर दिसावा, एवढंच.

आज ते अमेरिकेत, हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आहे. ज्या मठासाठी ते काढलं, त्या मठाच्या इमारतीत आज सेवियाचं ललितकला संग्रहालय आहे. म्हणजे भिंती तिथेच राहिल्या आणि चित्र समुद्रापार गेलं. मला याची चुटपुट लागून राहते.

तो पांढरा रंग इतका जिवंत कसा दिसतो?

पांढरा असा तो फार थोडा वापरतो. त्याच्या झग्यांमध्ये राखाडी, गेरूकडे झुकणारा पिवळसर, तपकिरी, कधी किंचित निळसर छटा असतात. शिशाचा शुद्ध सफेदा फक्त चुणीच्या माथ्यावर येतो, जिथे उजेड थेट पडतो. शिवाय खालची जमीन गडद. सेवियाचे चित्रकार कॅनव्हासवर नदीकाठची बारीक माती जवसाच्या तेलात घोटून लावत, ही कृती पाचेकोने लिहून ठेवली आहे. तपकिरी मातीवर चढवलेला पांढरा रंग आतून उबदार वाटतो.

दुसरं कारण उजेडाचं. तो एकाच बाजूने, बहुधा डावीकडून आणि वरून येतो, आणि कडेला कापल्यासारखा थांबतो. चुणीची एक बाजू लख्ख, दुसरी काळोखात. मधली कुरवाळणारी छटा तो मुद्दाम कमी ठेवतो. म्हणून कापड कोरल्यासारखं दिसतं.

पाय बांधलेल्या कोकराचं चित्र धार्मिक कसं?

राखाडी फळीवर एक मेरिनो जातीचं कोकरू आडवं पडलेलं, चारही पाय एकत्र बांधलेले. दुसरं काहीच नाही. चित्राचं नाव ‘आग्नुस देई’, देवाचा कोकरा. योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून त्याला देवाचा कोकरा म्हणतो, आणि यशयाच्या ग्रंथात वधाला नेलं जाणारं मुकं कोकरू येतं. ख्रिस्ती माणसाला हे पाहताच क्रूस आठवतो.

सुर्बारानने हा विषय अनेकदा काढला. अमेरिकेत सान दिएगोच्या संग्रहालयात असलेल्या चित्रात कोकराच्या डोक्यामागे तेजोवलय आहे आणि ‘कोकराप्रमाणे’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या चित्रात वलयही नाही, शब्दही नाहीत. 1635 ते 1640 च्या दरम्यानचं ते चित्र मला सगळ्यांत मोठं वाटतं, आणि आकाराने ते उशीच्या अभ्र्याएवढं आहे : साधारण 37 बाय 62 सेंटीमीटर. प्रादोत मी ते शोधत होतो आणि एकदा ओलांडून पुढेही गेलो होतो. मागे वळलो तेव्हा लोकर दिसली. दाट, वळ्यावळ्यांची, पोटाकडे जरा मळकी. नाकाशी ओलसरपणा. छोटी शिंगं. दोरीचे दोन-तीन वेढे आणि वर गाठ. कोकरू जिवंत आहे, डोळे अर्धे मिटलेत, आणि ते धडपडत नाही.

एस्त्रेमादुरा म्हणजे मेरिनो मेंढ्यांचा मुलूख, हिवाळ्यात तिथल्या कुरणांवर लांबून कळप येत. त्यामुळे हे कोकरू त्याने ग्रंथातून उचललेलं नाही. पाय बांधलेलं जनावर कसं पडतं, मान कुठे टेकवतं, हे त्याने लहानपणापासून पाहिलं असणार. तेजोवलय काढून टाकल्यावर उरतं ते खरोखरचं कोकरू, आणि मग देवाचा कोकरा म्हणजे काय ते पोटातून कळतं.

त्याच्या साध्या वस्तूंमागेही धार्मिक अर्थ असतो का?

पुष्कळदा असतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक इवलंसं चित्र आहे : चांदीच्या तबकडीत पाण्याने भरलेला पेला आणि कडेला एक गुलाब. पाणी आणि काटे नसलेला गुलाब या येशूची आई मरिया हिच्या निष्कलंकपणाच्या खुणा. हाच पेला आणि हाच गुलाब सान पाब्लो मठासाठी काढलेल्या एका चमत्काराच्या चित्रात आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेला दिसतो. 1633 चं लिंबं, संत्री आणि गुलाबाचं त्याचं प्रसिद्ध स्थिरचित्र कॅलिफोर्नियात पासादेनाला आहे, त्यातही तोच पेला, तोच गुलाब. ते नुसतं स्थिरचित्रच असल्यामुळे अर्थाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. माझ्या मते वेदीवर मांडावं तसं त्याने ते मांडलंय, आणि ते न सांगता दिसतं.

याच बाबतीत क्लीव्हलँडचं ‘नासरेथचं घर’ पाहाच. कुमारवयीन येशू काट्यांची कडी विणतोय (पुढे क्रुसावर त्याच्या डोक्यावर असाच काटेरी मुकुट येणार आहे) आणि काटा बोटात घुसलाय. पलीकडे मरिया शिवण मांडीवर टाकून गालाला हात लावून बसलीय. तिला कळलंय. गालावर एक अश्रू आहे. मध्ये टेबल, त्यावर पुस्तकं आणि काही नासपती. खाली टोपलीत शिवायचं पांढरं कापड, मातीचं पाण्याचं भांडं, कबुतरं. घरात कुणी काही बोलत नाहीये. क्रुसाचं दुःख त्याने एका टोचलेल्या बोटात आणि थांबलेल्या शिवणात सांगितलंय.

संत ह्यूगो मठाच्या जेवणघरात आलेत त्या चित्रात नेमकं काय चाललंय?

ही गोष्ट माहीत नसेल तर चित्र अडतं, म्हणून सांगतो. कार्थुसियन संघाचे संस्थापक संत ब्रूनो आणि त्यांचे सहा सोबती. ग्रनोबलचे बिशप ह्यूगो त्यांना जेवण पाठवत. एकदा उपवासकाळाच्या आधीच्या रविवारी त्यांनी मांस पाठवलं. मांस खावं की न खावं यावर चर्चा सुरू झाली आणि बोलता बोलता सगळे गाढ झोपी गेले. थेट उपवासकाळाच्या शेवटी, पवित्र सप्ताहात ह्यूगो आले तेव्हा कुठे जाग आली. किती दिवस लोटले याचा त्यांना पत्ताच नव्हता. ह्यूगोंनी ताटाकडे पाहिलं तर मांसाची राख झालेली. मांस वर्ज्य, हा देवाचा कौल त्यांनी मानला.

चित्रात सात पांढरे झगे टेबलामागे एका ओळीत, समोर कमरेत वाकलेले, काठी टेकलेले वृद्ध ह्यूगो आणि मध्ये एक पोरगेला सेवक. टेबलावर प्रत्येकाच्या पुढ्यात वाडगा, पाव, आणि पांढऱ्या-निळ्या मातीच्या सुरया. चमत्कार घडलाय आणि कुणीही हात उंचावत नाही, कुणाचं तोंड उघडं पडत नाही. टेबलावरचं कापड तेवढं इस्त्री केल्यासारखं टेबलाच्या कडेवरून सरळ खाली पडलंय.

हे चित्र सेवियाच्या सान्ता मारीया दे लास कुएवास मठासाठी होतं. कधी काढलं यावर मतभेद आहेत. काही जण 1630 च्या दशकात नेतात, काही 1655 च्या आसपास. आज ते सेवियाच्या संग्रहालयात आहे. त्या मठात मात्र 1841 मध्ये चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना सुरू झाला.

संत फ्रान्सिस इतक्या वेळा का?

मागणी होती म्हणून, आणि त्याला तो विषय मानवत होता म्हणूनही. हे असिसीचे संत फ्रान्सिस, फ्रान्सिस्कन संघाचे संस्थापक. लंडनच्या चित्रात ते गुडघ्यावर बसून कवटी छातीशी धरून आहेत. टोकदार टोपीच्या सावलीत डोळे पूर्ण बुडालेत, फक्त नाकाचं टोक आणि किंचित उघडे ओठ उजेडात. बाहीला ठिगळ, कोपराशी झगा फाटलेला. कपडा इथेही बोलतो, पण सेरापियनच्या झग्यापेक्षा वेगळ्या आवाजात. तो भरड, काळसर आणि गरीब आहे.

दुसऱ्या प्रकारात, फ्रान्समधलं लियोन, बोस्टन आणि बार्सिलोना इथल्या चित्रांत, फ्रान्सिस ताठ उभे आहेत, नजर वर. अशी आख्यायिका आहे, की 1449 मध्ये पोप निकोलस पाचवे असिसीच्या तळघरात उतरले तेव्हा दोन शतकांपूर्वी वारलेल्या संताचा देह त्यांना तसाच उभा दिसला.

संत स्त्रिया इतक्या भरजरी कपड्यांत कशा?

शेकडो वर्षांपूर्वीच्या या रक्तसाक्षी स्त्रिया त्याने सेवियाच्या श्रीमंत घरातल्या मुलींसारख्या नटवल्या. धार्मिक मिरवणुकांत असे वेश असत, तिथून हे आलं असावं असं बऱ्याच जाणकारांना वाटतं. तक्रार तेव्हाही होत असेल, आजही होते. पण माद्रिदच्या थिसेन संग्रहालयातली संत कासिल्दा पाहा. तोलेदोच्या मुस्लीम राजाची ही मुलगी ख्रिस्ती कैद्यांना लपवून पाव नेई, आणि पकडली गेली तेव्हा ओटीतल्या पावांची फुलं झाली. ती रेशमी घोळ उचलून चाललीय आणि घोळात फुलं आहेत. त्या रेशमाचा जडपणा कापडवाल्याच्या मुलालाच दाखवता यावा. लंडनची संत मार्गारेट त्याहून मला आवडते. तिच्या डोक्यावर गवती टोपी आहे, हातात मेंढपाळाची काठी आणि दंडावर पट्ट्यापट्ट्यांची विणलेली पिशवी. मागे ड्रॅगन आहे, तिला त्याचं काहीच वाटत नाही.

त्याला ‘स्पेनचा कॅराव्हॅज्यो’ म्हणतात ते बरोबर आहे का?

अर्धंच. काळोखातून उजळलेली आकृती ही रीत इटलीहून, कॅराव्हॅज्यो या तिथल्या चित्रकाराकडून आली हे खरं. पण कॅराव्हॅज्योची मूळ चित्रं सुर्बारानने पाहिल्याचा पुरावा नाही, तो इटलीला गेलाच नाही. कॅराव्हॅज्योच्या उजेडात काहीतरी घडत असतं, कुणीतरी सुरा उपसतं, कुणीतरी घोड्यावरून पडतं. सुर्बारानच्या उजेडात घडून गेलेलं असतं.

त्याच्यात उणिवा नव्हत्या का?

होत्या. यथार्थदर्शन कच्चं. जमीन आणि मागच्या इमारती पुष्कळदा जुळत नाहीत. गर्दीची रचना जमत नसे, त्यासाठी तो छापील चित्रांमधून, जर्मन चित्रकार ड्यूररच्या किंवा फ्लेमिश कलाकारांच्या, आकृत्या उचलून जोडी. ‘संत थॉमस अक्वायनसचा गौरव’ (1631) हे साडेचार मीटरहून उंच चित्र त्याचं सर्वोत्तम समजलं जाई. मला ते दोन मजले एकमेकांवर ठेवल्यासारखं वाटतं. पण त्यातला एकेक झगा वेगळा काढून पाहिला तर बोलणं थांबतं.

त्याची चित्रं जगभर कशी विखुरली?

दोन धक्के बसले. 1810 नंतर नेपोलियनचा सेनापती मार्शल सूल्त सेवियात होता, त्याने मठांतली चित्रं गाड्या भरून नेली. अक्वायनसचं चित्रही पॅरिसला गेलं होतं, ते परत आलं. बरीच आली नाहीत. मग 1835-36 मध्ये स्पेनच्या सरकारनेच मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. फ्रान्सचा राजा लुई फिलिपने त्याच सुमारास माणसं पाठवून स्पॅनिश चित्रं खरेदी केली आणि 1838 मध्ये लूव्ह्रमध्ये त्यांचं दालन उघडलं. राजा पदच्युत झाल्यावर 1853 मध्ये तो संग्रह लंडनमध्ये विकला गेला. कवटीवाले फ्रान्सिस नॅशनल गॅलरीत आले ते त्याच विक्रीतून. खेरेसच्या मठातल्या एकाच वेदीची चित्रं आज कादिस, ग्रनोबल आणि न्यूयॉर्कमध्ये विभागली गेली आहेत.

मग मूळ जागी काहीच उरलं नाही?

उरलं आहे, ग्वादालुपेला. एस्त्रेमादुरातल्या डोंगरात हा मठ आहे, तेव्हा तो जेरोनिमाइट संघाचा होता. तिथल्या वस्त्रागारासाठी, म्हणजे धर्मगुरू मिस्सा या उपासनेआधी वस्त्रं चढवतात त्या दालनासाठी, 1638-39 मध्ये काढलेली आठ मोठी चित्रं अजून त्याच भिंतींवर आहेत. स्पेनला जाणार असाल आणि एकच ठिकाण जमणार असेल तर माद्रिद सोडून इथे जा, असं मी सांगेन. खिडकीतला उजेड आणि चित्रातला उजेड इथे एकमेकांना ओळखतात.

अमेरिकेशी त्याचा काय संबंध?

1640 नंतर सेवियातली कामं कमी झाली तेव्हा त्याच्या कार्यशाळेतून दक्षिण अमेरिकेत चित्रं जाऊ लागली. 1647 मध्ये लिमाच्या एका स्त्री-मठासाठी मरियेच्या जीवनावरची दहा आणि कुमारी संतांची चोवीस चित्रं ठरली होती. ‘याकोब आणि त्याचे बारा पुत्र’ ही मालिकाही अमेरिकेसाठीच असावी असा एक तर्क आहे, कारण तिथले मूळ रहिवासी इस्राएलच्या हरवलेल्या वंशांपैकी आहेत असं तेव्हा काहींना वाटे. ती पोहोचली मात्र इंग्लंडला. डरहमचे बिशप रिचर्ड ट्रेव्हर यांनी 1756 मध्ये त्यातली बारा चित्रं घेऊन ऑकलंड कॅसलच्या भोजनदालनात लावली. तेरावं, बेन्यामीनचं, हाती लागलं नाही, म्हणून त्याची नक्कल करवून घेतली. ज्यू लोकांना इंग्लंडमध्ये नागरिकत्वाची वाट देणारा कायदा तीनच वर्षांपूर्वी लोकांच्या ओरड्यामुळे मागे घेतला गेला होता. अशा वेळी एका बिशपने इस्राएलचे पूर्वज आपल्या जेवणघरात मानाने बसवले, हे मला फार मोलाचं वाटतं.

गोवा किंवा वसईशी काही दुवा आहे का?

त्याच्या चित्रांचा नाही, काळाचा आहे. 1580 ते 1640 स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. सुर्बारान सेरापियन रंगवत होता तेव्हा गोवा, चौल आणि वसईवर त्याच्याच राजाची, चौथ्या फिलिपची सत्ता होती. फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन हे त्याला काम देणारे संघ इथेही होते. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे भग्न अवशेष आहेत. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये मुख्य वेदीच्या दोन्ही अंगांना संताच्या जीवनातले प्रसंग लाकडावर रंगवलेले आहेत. सुर्बारानचे फ्रान्सिस पाहून झाल्यावर तिथे गेलात तर कमरेचा तो दोर, तो झगा अनोळखी वाटणार नाही.

शेवटची वर्षं कशी गेली?

1649 च्या प्लेगने सेवियाची जवळजवळ निम्मी वस्ती नेली. त्यात त्याचा मुलगा हुआनही गेला, स्वतः उत्तम स्थिरचित्रं काढणारा, तिशीही न गाठलेला. शहराची आवड मुरिय्यो या तरुण चित्रकाराच्या मऊ, गोड रंगांकडे वळली होती. 1658 मध्ये सुर्बारान माद्रिदला गेला, आणि बेलास्केसला सान्तियागोच्या सरदारसंघात घेण्याआधी जी चौकशी झाली तिच्यात त्याने मित्राच्या बाजूने साक्ष दिली. तो दारिद्र्यात मेला असं जुन्या लेखनात येतं, पण मृत्यूनंतरच्या घरसामानाच्या यादीवरून तसं दिसत नाही.

घरी बसून पाहायचं तर सुरुवात कुठून करू?

शिकागो आणि क्लीव्हलँडची संग्रहालयं आपल्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारातली चित्रं मोफत देतात, प्रादोच्या संकेतस्थळावरही चित्र मोठं करून पाहता येतं. फोनवर नको, मोठ्या पडद्यावर पाहा आणि खोलीतला दिवा मालवा.

आधी कोकरू. मग नासरेथचं घर. मग स्टॉकहोमचं ‘वेरोनिकाचं वस्त्र’. क्रूस वाहणाऱ्या येशूचा चेहरा एका बाईने आपल्या कापडाने पुसला आणि कापडावर चेहरा उमटला, ही ती गोष्ट. सुर्बारानने ते कापड वरून बांधून टांगलेलं दाखवलं आहे. चुण्या इतक्या खऱ्या, की हात लावावासा वाटतो. चेहरा मात्र अगदी पुसट, धुऊनही न गेलेल्या डागासारखा. सावकाश मोठं करत जा.